कोल्ड स्टोअरेजच्या कंट्रोलरचं टेंपरेचर कॉम्प्युटरवर लॉग करायचंय, मधेच ६५५३१ असलं काहीतरी येतंय

बसवंतचा_बागायतदार

नमस्कार मंडळी. पिंपळगाव बसवंतजवळ आमचं छोटं पॅकहाऊस आहे, प्रीकूलिंगच्या (माल आल्या आल्या झटपट थंड करायच्या) दोन खोल्या आणि कोल्ड स्टोअरेजच्या चार, सगळा द्राक्षाचा एक्सपोर्टचा माल. प्रत्येक खोलीला पीटी१०० (टेंपरेचरप्रमाणे रोध बदलतो तो) सेन्सरवाला डिजिटल टेंपरेचर कंट्रोलर आहे आणि त्याच्या मागे आरएस४८५ चे (वायरवरून कॉम्प्युटरला आकडे पाठवायचे) दोन टर्मिनल आहेत ज्यांना बसवल्यापासून कोणी हात लावला नव्हता. आत्तापर्यंत आमचा पोरगा दर दोन तासांनी रजिस्टरमध्ये आकडे लिहितो. ते रजिस्टर चाळलं तर रात्री दोन ते पहाटे सहा सगळ्या खोल्यांत एकसारखं ०.५ लिहिलेलं असतं, आता ते खरंच ०.५ होतं का पोरगा झोपला होता ते देवाला ठाऊक.

यंदा एक्सपोर्टरने सांगितलंय की रजिस्टर नको, ग्राफ पाहिजे, प्रत्येक लॉटचा. एका व्हेंडरला बोलावलं तर त्याने कोटेशन दिलं ते बघून आमच्या वडिलांनी चहासुद्धा अर्धा सोडला, आणि वर दरवर्षी क्लाउडचे पैसे वेगळे. म्हणून म्हटलं आपणच बघू. ऑफिसमधे जुना विंडोजचा पीसी पडून आहे, यूएसबी ते आरएस४८५ कन्व्हर्टर नाशिकला एमजी रोडवरून आणला, इलेक्ट्रिशियनकडून वायर ओढून घेतली (ऑफिस ते शेवटची खोली साधारण ८० मीटर) आणि क्यूमॉडमास्टर नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं. मॅन्युअलमधे लिहिलंय टेंपरेचर ४०००१ या पत्त्याला मिळेल.

आता अडचणी अशा. ४०००१ टाकलं तर काहीच येत नाही, ० टाकलं की आकडा येतो, का ते कळलं नाही पण चालतंय. आकडा दहापट येतो म्हणजे ०.८ ला ८, ते समजलं. पण टेंपरेचर शून्याच्या खाली गेलं की एकदम ६५५३१, ६५५३३ असलं काहीतरी दाखवतं. आणि सगळ्यात वैतागाचं म्हणजे सहापैकी दोन कंट्रोलर मधेच उत्तर द्यायचे बंद होतात, बहुतेक प्रीकूलिंगचे फॅन चालू झाले की. थोड्या वेळाने आपोआप चालू पण होतात.

हे सुधारलं की मग लॉगिंगला आणि ऑफिसमधल्या टीव्हीवर मोठ्ठे आकडे आणि ग्राफ दाखवायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं? कोणी म्हणतं लॅबव्ह्यू, कोणी नोड-रेड, कोणी म्हणतं पायथन शीक. मी बी.कॉम. आहे हे आधीच सांगून ठेवतो. शिवाय ह्युमिडिटीचे दोन ट्रान्समीटर आहेत ४ ते २० मिलीअँपवाले, ते पण यात घेता येतील का?

सातपूर_पॅनलवाला

बागायतदार भाऊ, तुमचं अर्धं काम झालेलं आहे, घाबरू नका. बी.कॉम. आहात तर उलट चांगलं, मॅन्युअल वाचताय, आमचे डिप्लोमावाले वाचत नाहीत.

६५५३१ चं आधी. कंट्रोलर १६ बिटचा आकडा पाठवतो आणि निगेटिव्ह आकडा वरून उलटा येतो, म्हणजे ३२७६७ च्या वरचं काही दिसलं की त्यातून ६५५३६ वजा करायचे. ६५५३१ वजा ६५५३६ म्हणजे उणे ५, म्हणजेच उणे ०.५ डिग्री. कंट्रोलर बरोबरच सांगत होता, सॉफ्टवेअरला साइन्ड वाचायला सांगितलेलं नाही इतकंच. क्यूमॉडमास्टरमधे आणि बाकी कुठेही साइन्ड १६ बिट किंवा इंट१६ असा ऑप्शन असतो तो निवडा. ४०००१ चं पण जुनंच दुखणं आहे, मॉडबस (कंट्रोलर आणि कॉम्प्युटर ज्या भाषेत बोलतात ती) १९७९ सालचा, मॉडिकॉन कंपनीने पीएलसीसाठी (मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) काढलेला, त्यात पुढचा ४ म्हणजे होल्डिंग रजिस्टर (आकडा ठेवायचा कप्पा) आणि मोजणी १ पासून, पण वायरवर जाताना तीच मोजणी ० पासून जाते. म्हणून ४०००१ म्हणजे फंक्शन ०३, पत्ता ०. मॅन्युअलमधे ३०००१ असतं तर फंक्शन ०४ लावावं लागलं असतं.

आता फॅन चालू झाल्यावर दोन कंट्रोलर गायब होतात ते. इथे मला शंका वायरिंगची आहे, सॉफ्टवेअरची नाही. इलेक्ट्रिशियनने वायर कशी ओढली ते बघा. घरच्या बोर्डासारखी प्रत्येक खोलीतून वेगळी वायर ऑफिसपर्यंत आणून तिथे सगळ्या एकत्र पिळल्या असतील तर ती स्टार झाली, ४८५ ला ते चालत नाही, म्हणजे कधी चालतं कधी नाही, जे जास्त वाईट. एका कंट्रोलरवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर अशी साखळी पाहिजे. वायर ट्विस्टेड पेअर शिल्डवाली पाहिजे आणि शिल्ड एकाच टोकाला अर्थ करायचं, पॅनलच्या बाजूला. फॅनच्या पॉवर केबलबरोबर एकाच ट्रेमधून आणली असेल तर वेगळी करा, फूटभर तरी अंतर ठेवा, जिथे ओलांडावीच लागेल तिथे काटकोनात ओलांडा. फॅनला व्हीएफडी (स्पीड कमीजास्त करणारा ड्राइव्ह) असेल तर हे सगळं दुप्पट खरं.

एक सोपी टेस्ट सांगतो. कंट्रोलर सगळे बंद करा, कन्व्हर्टर काढा, आणि केबलच्या ए आणि बी मधे मल्टिमीटरने ओहम मोजा. दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असतील तर साधारण ६० यायला पाहिजे. २० च्या आसपास आलं तर इलेक्ट्रिशियनने सहाही कंट्रोलरला रेझिस्टर लावून ठेवलेत, कारण कोणीतरी त्याला सांगितलेलं असतं की ४८५ ला रेझिस्टर लागतो. लागतो पण फक्त दोन टोकांना. आणि खरं सांगायचं तर ८० मीटर आणि ९६०० बॉडला (डेटाचा वेग) तो नसला तरी बहुतेक चालून जातं, पण सहा लावले तर नक्की नाही चालणार.

कन्व्हर्टर आयसोलेटेड घ्या, म्हणजे वायर आणि पीसी यांच्यात विजेचा थेट जोड नसलेला. तो काही शे रुपयांचा पेनड्राइव्हएवढा येतो तो टेबलावर टेस्टिंगला ठीक आहे, ८० मीटरच्या वायरला मे महिन्यातल्या वळवाच्या विजा झाल्या की आधी तो जातो आणि मग त्याच्या मागून पीसीचा यूएसबी पोर्ट. शक्य असेल तर दोन नाही तीन वायर ओढा, तिसरी कॉमन ग्राउंडची. आणि एका खोलीच्या कंट्रोलरवर ए बी उलटं लिहिलेलं असू शकतं, कंपन्यांचं यावर एकमत नाही, अदलाबदल करून बघा, काही जळत नाही.

कॉन्टॅक्टरच्या (फॅन चालू-बंद करणारा मोठा स्विच) कॉइलवर आरसी स्नबर (ठिणगीचा त्रास दाबणारा) लावलेत का तेही बघून घ्या. हे सगळं करूनसुद्धा राहिलं तर फोटो टाका पॅनलचा.

निफाडचा_गारठा

पॅनलवाल्या दादांनी वायरचं सांगितलं, मी सेन्सरचं सांगतो कारण आमचं पण पॅकहाऊसच आहे.

तुम्ही सॉफ्टवेअर कोणतं पण घ्या हो, पण कंट्रोलरचा सेन्सर कुठे लावलाय? बहुतेक ठिकाणी तो इव्हॅपोरेटरला (खोलीतल्या कूलिंग कॉइलला) परत जाणाऱ्या हवेत असतो. म्हणजे तुमच्या ग्राफवर हवेचं टेंपरेचर येणार, मालाचं नाही. एक्सपोर्टरला मालाचं पाहिजे असतं, पल्प टेंपरेचर, म्हणजे मण्याच्या आतलं. प्रीकूलिंगच्या खोलीत हवा अर्ध्या तासात शून्याला जाते आणि ग्राफ एकदम झकास दिसतो, पण आतल्या पेटीतला मणी अजून १५ ला असतो. तेव्हा प्रत्येक प्रीकूलिंग खोलीला एकेक तरी सुईवाला पीटी१०० प्रोब वेगळा घ्या आणि तो मण्यात खुपसा, आणि कुठल्या पेटीत ते पण महत्त्वाचं आहे. पेट्यांवर ताडपत्री टाकून मधल्या बोगद्यातून फॅन हवा ओढतो ना, मग हवा बाहेरून आत येताना मालाची उष्णता घेत घेत येते, तर बोगद्याच्या बाजूची पेटी सगळ्यात शेवटी थंड होते. प्रोब तिथे. आमच्याकडे पोरं दारातल्या पेटीत लावायची कारण तिथे हात पोचतो.

आता यातून काय मिळतं ते ऐका, कारण नुसता ग्राफ छापून फायलीला लावायचा असेल तर एवढा खटाटोप कशाला. थंड होण्याचा हिशोब निम्म्यानिम्म्याने चालतो. समजा माल २८ ला आला, हवा ० ला आहे, आणि १४ ला यायला दोन तास लागले. तर पुढचे दोन तास १४ चे ७ आणि त्यापुढचे दोन तास ७ चे ३.५. म्हणजे सहा तासांत आठातले सात भाग उष्णता गेली, इंग्रजीत याला सेव्हन-एट्थ कूलिंग म्हणतात, आणि कोल्ड स्टोअरेजला हलवायला साधारण तोच टप्पा धरतात. गंमत अशी की पहिल्या दोन तासांचा ग्राफ बघूनच सांगता येतं की ही खोली किती वाजता रिकामी होणार. मागून ट्रॅक्टर उभे असताना हे कळणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. आणि एखाद्या दिवशी निम्मं व्हायला दोनच्या ऐवजी तीन तास लागले तर समजायचं ताडपत्री कुठेतरी उघडी राहिली, किंवा कॉइलवर बर्फ धरलाय, किंवा पेट्यांची भोकं समोरासमोर आलेली नाहीत. हे रजिस्टरमधून कधीच दिसत नाही.

दाराला एक मायक्रोस्विच लावून घ्या आणि तो पण लॉग करा. भांडणं मिटतात.

शून्याच्या खाली किती जातंय ते मात्र लक्ष ठेवा भो, उणे ०.५ ठीक आहे पण मणी उणे दोनच्या आसपास गोठतो आणि देठ त्याच्याही आधी त्रास देतो, आणि तुमचा सेन्सर स्वतः किती खरं बोलतो ते माहीत नसताना उणे १ वर खेळू नका.

इन्स्ट्रू_मॅडम

मी इंजिनिअरिंग कॉलेजमधे इन्स्ट्रुमेंटेशन शिकवते, गंगापूर रोडला. वरच्या दोघांनी फार चांगलं लिहिलंय, मी सॉफ्टवेअर आणि सेन्सर खरं बोलतो का यावर लिहिते.

आधी दुसरं. पीटी१०० क्लास बी चा असेल, आणि बाजारात सहसा तोच मिळतो, तर ० डिग्रीला त्याला अधिक-उणे ०.३ ची मुभा असते. क्लास ए ला ०.१५. त्यात कंट्रोलरची स्वतःची चूक मिळवा. म्हणजे स्क्रीनवर ०.४ आणि ०.६ मधला फरक बघून कोणी कॉम्प्रेसरवाल्याला फोन करणार असेल तर त्याला थांबवा. सीझनआधी एक काम करा, थर्मासमधे बारीक कुटलेला बर्फ भरा, आरओच्या पाण्याचा, त्यात थोडंसंच थंड पाणी, इतकंच की मधल्या फटी भरतील, आणि प्रोब त्यात ढवळत दहा-पंधरा मिनिटं ठेवा. ते ०.० आहे. कंट्रोलर ०.४ दाखवतो तर त्याचा ऑफसेट उणे ०.४, कंट्रोलरमधे बायस नावाचं सेटिंग असतं तिथे टाका किंवा सॉफ्टवेअरमधे टाका, पण दोन्हीकडे टाकू नका आणि कुठे टाकलं ते कागदावर लिहून पॅनलच्या दाराला आतून चिकटवा. ऑडिटला एनएबीएल मान्यताप्राप्त लॅबचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट मागतील ते वेगळं, बर्फ तुमच्या समाधानासाठी.

ह्युमिडिटीचे ट्रान्समीटर घेता येतील. कंट्रोलरला नाही जोडता येणार, एक मॉडबसवाला अ‍ॅनालॉग इनपुट मॉड्यूल घ्या, चार किंवा आठ चॅनेलचा, तो त्याच साखळीत सातवा म्हणून लागेल, फक्त पत्ता वेगळा द्या आणि बॉड रेट-पॅरिटी बाकीच्यांसारखीच. ४ मिलीअँप म्हणजे ०%, २० म्हणजे १००%, तर ९०% ला १८.४ यायला पाहिजे. ४ पासून सुरू करण्याचं कारणच हे की वायर तुटली तर ० येतं आणि ते ०% ह्युमिडिटी नाही हे कळतं. सॉफ्टवेअरमधे ३.६ च्या खाली गेलं की बिघाड समजायचं. कोणीतरी तुम्हाला सांगेल की ट्रान्समीटर कशाला, ओला-कोरडा थर्मामीटर लावा. १ डिग्री टेंपरेचर आणि ९०% ह्युमिडिटीला ओल्या-कोरड्यातला फरक जेमतेम ०.६ येतो आणि तुमच्या दोन सेन्सरची चूकच तेवढी असू शकते, तेव्हा नको. फक्त सल्फरच्या पॅडचा (बुरशी लागू नये म्हणून पेटीत ठेवतात तो) वास जिथे येतो तिथे ट्रान्समीटर लावू नका, सेन्सर हळूहळू वाहवत जातो.

सॉफ्टवेअर. लॅबव्ह्यू १९८६ पासून आहे, आम्ही शिकवतो, मला आवडतं, पण त्याची फुकटची कम्युनिटी एडिशन धंद्यासाठी वापरायची परवानगी नाही आणि विकतची सहा कंट्रोलरसाठी घेणं म्हणजे पैसे जाळणं. डॅकफॅक्टरीसारखी पॅकेजेस याच कामासाठी असतात, एक टेबल असतं त्यात एकेक चॅनेल लिहायचा, किती सेकंदांनी वाचायचा ते लिहायचं, १० ने भागायचं कन्व्हर्जन लावायचं, कुठल्या फाईलमधे लॉग करायचं ते सांगायचं आणि स्क्रीनवर आकडे-ग्राफ ओढून ठेवायचे. बी.कॉम. वाल्याला हे सगळ्यात लवकर जमेल, पण लायसन्सची किंमत विचारून घ्या. नोड-रेड फुकट आहे, आयबीएममधे २०१३ ला सुरू झालेलं, ब्राउझरमधे डबे जोडत जायचं, मॉडबसचा डबा वेगळा टाकावा लागतो. त्याच्यापुढे डेटा इन्फ्लक्सडीबी या डेटाबेसमधे आणि ग्राफ दाखवायला ग्राफाना. दिसतं सुंदर. पण तीन वेगवेगळ्या गोष्टी सांभाळायच्या आणि ज्याने बसवलं तो पोरगा पुण्याला नोकरीला गेला की कोणाला हात लावता येत नाही, असं मी दोन-तीन ठिकाणी बघितलंय. पायथन मधला मिनिमलमॉडबस हा तयार कोड वापरला तर पन्नास ओळींत सीएसव्ही (एक्सेलमधे उघडणारी साधी फाईल) लिहिणारा प्रोग्राम होतो, आमचे तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी करतात.

पण कुठलंही घेतलं तरी एक गोष्ट विकत घ्यायच्या आधी स्वतः करून बघा. सॉफ्टवेअर चालू असताना एका कंट्रोलरची ४८५ ची वायर काढा. आणि स्क्रीन बघत बसा. आकडा तसाच राहिला, म्हणजे शेवटचा वाचलेला ०.७ तिथेच हिरवा चमकत राहिला, तर ते सॉफ्टवेअर किंवा ती सेटिंग नको. आकडा जायला पाहिजे, लाल व्हायला पाहिजे, आणि फाईलमधे त्या वेळेला रिकामी जागा पडायला पाहिजे, शून्य नाही आणि शेवटचा आकडा तर नाहीच. तुमच्या कामात शून्य हा अगदी पटण्यासारखा आकडा आहे, म्हणून जास्तच जपा.

अंबड_फर्नेस

मॅडम शेवटचा पॅरेग्राफ फ्रेम करून लावण्यासारखा आहे.

आमचं हीट ट्रीटमेंट, टेंपरेचर ८५० च्या आसपास, के टाइप थर्मोकपल (जास्त टेंपरेचरचा सेन्सर), म्हणजे बागायतदार भाऊंच्या अगदी उलटं पण दुखणं तेच. एका कस्टमरच्या प्लँटमधे बघितलेलं सांगतो. स्क्रीनवर अख्खी शिफ्ट ८४५ ची सरळ रेघ होती आणि सगळे खूश, काय कंट्रोल आहे म्हणून. केबल उंदराने कुरतडली होती. सॉफ्टवेअर शेवटचा आकडा धरून बसलं होतं आणि तोच दर मिनिटाला नव्या वेळेसकट फाईलमधे लिहीत होतं. फर्नेस चालू होती आणि ठीक होती हे नशीब, पण त्या लॉटचं रेकॉर्ड गेलं आणि ऑटोमोबाईलवाल्यांच्या सीक्यूआय-९ ऑडिटमधे (हीट ट्रीटमेंटची तपासणी) त्यावर जे काही झालं ते विचारू नका. सरळ रेघ दिसली की मला आता भीतीच वाटते. खरं मोजमाप थोडंतरी हलतंच.

म्हणून मी प्रत्येक ओळीत टेंपरेचरच्या बाजूला अजून एक कॉलम ठेवतो, वाचन यशस्वी झालं का नाही, १ किंवा ०. आणि कच्चा आकडा पण ठेवतो जसा आला तसा, ऑफसेट लावायच्या आधीचा. सहा महिन्यांनी कोणी म्हणालं की ऑफसेट चुकला होता तर सगळं परत काढता येतं. सरासरी करून मग साठवणाऱ्यांचं मला कळत नाही, जागा वाचवून काय करणार, मिनिटाला एक ओळ म्हणजे दिवसाला १४४० ओळी, फोनमधला एक फोटो याच्यापेक्षा मोठा असतो.

कागदवाला

सगळ्यांचा मान राखून, एवढं कशाला? बॅटरीवर चालणारा तयार डेटा लॉगर मिळतो, खोलीत टांगायचा, सीझन झाला की यूएसबीला लावायचा, पीडीएफ आपोआप तयार होतो. कंटेनरमधे एक्सपोर्टर तोच टाकतात. ना वायर ना मॉडबस ना उंदीर. आणि पीसीवरचा सीएसव्ही कोणीही एक्सेलमधे उघडून बदलू शकतो, ऑडिटर त्याला काय किंमत देणार?

निफाडचा_गारठा

कागदवाले काका, तुमचं बरोबर आहे पण तो लॉगर सांगतो काल रात्री काय झालं. मला आत्ता रात्री तीनला सांगणारा पाहिजे. दोन्ही ठेवा, एक लॉगर प्रत्येक खोलीत साक्षीदार म्हणून, त्याचा आणि पीसीचा ग्राफ जुळला की ऑडिटरचं तोंड बंद. आम्ही तेच करतो.

कागदवाला

हे पटलं. माझं म्हणणं एवढंच की टीव्हीच्या नादात साधं सोडू नका.

बसवंतचा_बागायतदार

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

पॅनलवाले दादा, तुम्ही ज्योतिषी आहात का? इलेक्ट्रिशियनने सहा वायरी वेगवेगळ्या आणून कन्व्हर्टरजवळ पिळल्या होत्या, आणि ओहम मोजले तर २१ आले. त्याला विचारलं तर म्हणे दुकानदाराने सहा रेझिस्टर दिले म्हणून सहा लावले. आता साखळी करून घेतली, मधले चार काढले, दोन टोकाचे ठेवले, मीटरवर ६१ दाखवतंय. केबल फॅनच्या ट्रेमधून काढून भिंतीच्या वरून नेली. परवापासून फॅन चालू-बंद करून बघतोय, एकही कंट्रोलर गायब झालेला नाही. साइन्ड केल्यावर उणे ०.५ बरोबर दिसायला लागलं. आयसोलेटेड कन्व्हर्टर सांगितलाय.

बर्फाचं पण केलं. पाच कंट्रोलर ०.१ ते ०.३ मधे आहेत, चौथ्या खोलीचा मात्र ०.९ दाखवतो. म्हणजे ती खोली आम्ही इतकी वर्षं जवळजवळ एक डिग्री जास्तच थंड करत होतो आणि म्हणत होतो की या खोलीचं बिल का जास्त येतं.

सॉफ्टवेअरचं सध्या असं ठरवलंय की पुतण्या सिन्नरच्या कॉलेजला आहे तो पायथनचं लिहून देतो म्हणाला, मिनिटाला एक ओळ, अंबडवाल्या साहेबांनी सांगितलेले दोन्ही कॉलम घालून. टीव्हीचं त्याला जमेल का माहीत नाही. आणि अलार्म कसा लावावा? परवा टेस्टिंगला २ डिग्रीच्या वर गेलं की फोनवर मेसेज असं लावलं तर रात्रभर फोन वाजत होता, डीफ्रॉस्ट (कॉइलवरचा बर्फ वितळवणं) झालं की मेसेज, दार उघडलं की मेसेज. बायको म्हणाली फोन कोल्ड स्टोअरेजमधेच ठेवा.

इन्स्ट्रू_मॅडम

चौथ्या खोलीचा ऑफसेट लगेच टाकू नका. ०.९ हे क्लास बी च्या बाहेरचं आहे, म्हणजे तिथे काहीतरी बिघडलंय. पीटी१०० ला तीन वायरी असतात ना, तिसरी वायर लीडचा, म्हणजे वायरींचा स्वतःचा, रोध वजा करायला असते, तिथे जोड सैल असेल किंवा कोणी दोनच वायरी लावून तिसरी शॉर्ट करून ठेवली असेल तर असंच होतं. पीटी१०० चा १ डिग्रीला जवळपास ०.३९ ओहमच फरक पडतो, तेव्हा लांब बारीक वायर किंवा गंजलेला स्क्रू एवढा घोळ सहज करतो. टर्मिनल साफ करून घट्ट करा, परत बर्फात बघा. तरी राहिलं तर सेन्सर बदला, तो फार महाग नसतो.

अलार्मला वेळ जोडा. २ च्या वर सलग ३० मिनिटं राहिलं तरच मेसेज. डीफ्रॉस्टमधे चढतं आणि उतरतं, त्याला तेवढा वेळ पुरतो. दाराचा स्विच लॉग होतोय तर दार १० मिनिटं उघडं हा अलार्म वेगळा ठेवा. आणि वाचन बंद पडलं हा तिसरा अलार्म, तो ५ मिनिटांत आला पाहिजे. या तिसऱ्याला पुतण्या विसरेल, त्याला आठवण करा. पीसीच बंद पडला तर पीसी मेसेज पाठवू शकत नाही, म्हणून उलटं पण करून ठेवा, रोज सकाळी सात वाजता सगळं ठीक असा एक मेसेज येऊ दे, ज्या दिवशी आला नाही त्या दिवशी ऑफिसला जाऊन बघायचं.

सातपूर_पॅनलवाला

२१ ओहम! दुकानदाराला नमस्कार सांगा.

पीसीचं राहिलं. पॉवर ऑप्शनमधे स्लीप बंद, त्यातच खाली यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड असतं ते पण बंद, नाहीतर रात्री शांत वेळी विंडोज कन्व्हर्टरला झोपवतं. बायोसमधे लाइट आल्यावर आपोआप चालू हो अशी सेटिंग असते ती लावा, कारण महावितरणची लाइट जाणार म्हणजे जाणार, आणि लहान यूपीएस पीसीला आणि कन्व्हर्टरला दोघांना. प्रोग्राम स्टार्टअपमधे टाका. विंडोज अपडेटचे अ‍ॅक्टिव्ह अवर्स बघून घ्या. कन्व्हर्टर दुसऱ्या यूएसबी पोर्टला लावला की कॉम नंबर बदलतो, तेव्हा ज्या पोर्टला लावलाय तिथे टेप लावून लिहा, काढू नये.

अंबड_फर्नेस

पुतण्याला अजून दोन गोष्टी सांगा. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहायची, २४ तासांच्या वेळेसकट, नाहीतर एक्सेल ३ फेब्रुवारीचा २ मार्च करून टाकतं आणि ते लक्षात येत नाही. आणि रोजची फाईल वेगळी करायची, एकाच फाईलमधे सगळा सीझन नको. आत्ता मिनिटाला एक ओळ आहे तोवर ठीक, पण कधी हौसेने सेकंदाला एक केली तर एक्सेलच्या १०,४८,५७६ ओळी बाराव्या-तेराव्या दिवशी संपतात आणि पुढचं ते उघडताना फक्त एक इशारा दाखवून सोडून देतं. प्रोग्रामने प्रत्येक ओळ लिहिल्यावर फाईल डिस्कवर पक्की करायला पाहिजे, लाइट गेली तर शेवटचा तास हवेत नको.

टीव्हीसाठी वेगळं सॉफ्टवेअर नका घेऊ. तोच पायथन प्रोग्राम दर मिनिटाला एक साधं वेबपेज लिहून ठेवू शकतो, टीव्हीचा ब्राउझर ते उघडून दर मिनिटाला रिफ्रेश करतो. त्या पानावर शेवटचं वाचन किती वाजता झालं ती वेळ टेंपरेचरएवढ्याच मोठ्या अक्षरात छापा.

बसवंतचा_बागायतदार

चौथ्या खोलीचं मॅडम म्हणाल्या तेच निघालं, सेन्सरच्या टर्मिनलचा स्क्रू हिरवा पडला होता. घासून घट्ट केला, आता बर्फात ०.२ दाखवतो.

सुईवाले प्रोब नाशिकमधे कुठे चांगले मिळतील? निफाडवाले दादा तुम्ही कुठून घेतले?

निफाडचा_गारठा

सातपूरला बनवून देणारे आहेत, लांबी आणि सुईची जाडी सांगितली की चार-पाच दिवसांत देतात. नंबर इथे नको, पर्सनल मेसेज टाकतो. सुई ३ मिलीमीटरपेक्षा जाड घेऊ नका, मणी फुटतो आणि मग रसाचं टेंपरेचर मोजत बसाल. केबल टेफ्लॉनची सांगा, पीव्हीसी थंडीत कडक होऊन पेटीच्या कडेला तुटते. आणि क्लास ए मागा, थोडेच पैसे जास्त पडतात.